प्रश्न विचारणाऱ्याला मोल द्या

मी मालवणात प्राणिशास्त्र शिकवते आणि अधूनमधून नियतकालिकांसाठी शोधनिबंध तपासते. मध्यंतरी बांगड्याच्या लांबीवरचा एक निबंध आला. लेखकाचं नाव झाकलेलं. तक्ते सुबक, पण रापणीतले आणि पर्ससीनमधले मासे एकाच रकान्यात. जाळ्याचा आस वेगळा, तर हाती लागणारा मासाही वेगळ्या मापाचा! मी तेवढंच विचारलं. काही महिन्यांनी वेगळे तक्ते आले आणि ‘बांगडा लहान होत चाललाय’ हा निष्कर्ष टिकला नाही. तो तसाच छापला असता, तर उद्या कुणी त्यावर मासेमारीचे नियम बेतले असते.

याउलट पैसे भरा, दोन दिवसांत स्वीकृतिपत्र घ्या, असाही धंदा आहे. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांकडून आलेल्या, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असावीत. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नियतकालिकं यादीतून गेली. २०१९ मध्ये तिच्या जागी ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता पारख महाविद्यालयांनीच करायची.

करूया की! पण पदोन्नतीच्या अर्जात छापलेले निबंध मोजतात, तसं नीट केलेलं परीक्षणही मोजा. आज ते काम फुकट, रात्री जागून होतं. तरुण प्राध्यापकांनी ते कशाच्या जोरावर करायचं?