मूल डोके आपटते तेव्हा

दीड-दोन वर्षांचे मूल हवी ती वस्तू मिळाली नाही की जमिनीवर अंग टाकते आणि फरशीवर, नाहीतर भिंतीवर डोके आपटू लागते. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. दादी म्हणतात, नजर लागली. फुफी म्हणतात, लाडाने बिघडला. आणि सगळ्यांचे डोळे मुलाच्या अम्मीकडे वळतात. म्हणून या वेळी आपण याच विषयावर बोलू या.

डोके आपटण्याची सवय पुष्कळ निरोगी मुलांमध्ये दिसते. साधारण 6 महिन्यांनंतर ती सुरू होते आणि बहुतेक मुलांमध्ये 3-4 वर्षांपर्यंत आपोआप सुटते. काही मुले झोप येताना एका लयीत डोके आपटतात. तो स्वतःला जोजवण्याचा प्रकार असतो. हट्टाच्या वेळचे आपटणे वेगळे. या वयात मुलाला समजते बरेच, पण बोलता येते थोडेच. राग सांगायला शब्द नसतात आणि तो आवरण्याची ताकद अजून आलेली नसते. त्यात भूक, अपुरी झोप, दात येणे किंवा कानाचे दुखणे असले की भर पडते. यात आईचे संस्कार कमी पडले, असे समजण्याचे कारण नाही.

त्या वेळी काय करावे? आधी मुलाला भिंतीपासून आणि टोकदार वस्तूंपासून दूर घ्यावे, गादीवर किंवा सतरंजीवर ठेवावे. डोक्याखाली आपला हात किंवा उशी द्यावी. ओरडू नये, मारू नये, गदागदा हलवू तर मुळीच नये. जवळ बसून हलक्या आवाजात एवढेच म्हणावे, ‘तुला राग आलाय, मी इथेच आहे.’ रडण्याच्या भरात समजावलेले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शांत झाल्यावर जवळ घ्यावे, पाणी द्यावे.

मात्र ज्यासाठी हट्ट होता, ती वस्तू त्या क्षणी हातात देऊ नये. अम्मीने मोबाइल नाकारला, मुलाने डोके आपटले आणि दादांनी घाबरून मोबाइल दिला, तर मूल एकच गोष्ट शिकते: डोके आपटले की काम होते. एकत्र कुटुंबात हेच सर्वांत अवघड असते. म्हणून घरातल्या मोठ्यांनी एकदा बसून ठरवावे की ‘नाही’ म्हटले की सगळ्यांचे ‘नाही’. आणि मुलासमोर आईला बोल लावू नये.

हट्ट कमी व्हावेत यासाठी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सांभाळाव्यात. 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते. लग्नघरात किंवा रमजानच्या रात्री घर उशिरापर्यंत जागे असते, तेव्हा लहानग्याची झोप मोडणार नाही, एवढे पाहावे. ‘हा कुर्ता की तो?’ अशी छोटी निवड त्याला करू द्यावी. ‘दे’, ‘पाणी’, ‘नको’ हे शब्द शिकवावेत. बोलता येऊ लागले की आपटणे कमी होते.

काही वेळा मात्र डॉक्टरांकडे जावेच लागते. मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, नजर मिळवत नसेल, बोलणे मागे पडले असेल, शिकलेले विसरत असेल, वारंवार जखम करून घेत असेल किंवा चार वर्षांनंतरही सवय टिकली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, शुद्ध हरपणे, झटके किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली, तर तडक दवाखाना गाठावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात. त्या दिवशी ही सवय जरूर सांगावी.

दुआ करावी, दमही करून घ्यावा. पण त्यात तपासणीचे दिवस निघून जाऊ देऊ नयेत. आणि घरात कोणी तरी अम्मीलाही म्हणावे, ‘मी धरते बाळाला, तू दहा मिनिटे बस.’ थकलेल्या जिवाकडून सब्राची अपेक्षा करायची, तर त्याला थोडा विसावाही द्यायला हवा.