संगमावरचे तीर्थ

संगमनेर या नावातच संगम आहे. पट्टा किल्ल्याच्या डोंगरात उगम पावणारी म्हाळुंगी येथे प्रवरेला मिळते. शहरातला नाटकी नालाही अखेर प्रवरेकडेच जातो. प्रवरेला आपण अमृतवाहिनी म्हणतो. रतनगडाच्या कुशीतून निघून, नेवाशावरून पुढे जात ती टोक्याजवळ गोदावरीत विलीन होते. तेव्हा गावातल्या मोरीचे पाणी किती दूर पोहोचते, हे सांगायला नको.

अशा लहान प्रवाहांचे दुखणे उन्हाळ्यात कळते. नैसर्गिक झरे आटतात आणि उरलेला प्रवाह बहुतांशी वापरलेल्या पाण्याचाच असतो. पहिल्या पावसात साचलेली सर्व घाण एकदम नदीत उतरते; तो काळ स्नानाला सर्वांत वाईट.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्यात दर 100 मिलिलिटरमागे विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या 500 पर्यंत असावी. 2500 ही कमाल मर्यादा. हे डोळ्यांना दिसत नाही. ओंजळीतले नितळ पाणीही विषमज्वर वा कावीळ देऊ शकते. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तीर्थ म्हणून पाणी घरी आणले असेल तर ते देव्हाऱ्यात ठेवावे, मस्तकी लावावे. लहान मुलांच्या, गर्भवतींच्या आणि वृद्धांच्या मुखी मात्र घालू नये. श्रद्धेला यात काही उणे येते, असे मला वाटत नाही.

पायाला जखम असेल तर घाटावर पाण्यात उतरणे टाळावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्याशी संपर्क आल्यानंतर दोन दिवसांपासून साधारण चार आठवड्यांपर्यंत केव्हाही ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसू शकतात. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘नदीत उतरलो होतो’ हे आवर्जून सांगावे. रुग्ण नेमके तेच सांगायचे विसरतात.

आणखी एक गैरसमज. डेंग्यू वाढला की सारे नाल्याकडे बोट दाखवतात. नाल्याच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास; हत्तीरोगाचा प्रसार त्याच्यामुळे होतो. डेंग्यूचा एडिस डास आपल्याच घरातल्या रांजणात, कूलरमध्ये आणि कुंडीखालच्या ताटलीत, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सारी भांडी रिकामी करून घासावीत व कोरडी ठेवावीत. त्यासाठी नगरपालिकेची वाट पाहावी लागत नाही. नाल्यासाठी मात्र ती पाहावी लागते, आणि पाहताना विचारणाही करावी लागते.