पडद्यावरील हिंसा आणि आपले घर

सप्टेंबर 2019 मध्ये बेळगावजवळच्या काकती गावी एका तरुणाने आपल्या जन्मदात्याची हत्या केली. वडिलांनी मोबाइलवरील 'पबजी' हा खेळ खेळण्यास अटकाव केला, हे त्यास निमित्त झाले असे पोलिसांनी सांगितले. जोयडा तालुक्यातील व्यापाऱ्यांस काकती दूर नाही. रामनगरहून मालासाठी बेळगावास जाणे-येणे नित्याचेच. तेव्हापासून 'रक्तपाताचे खेळ मुलांना रक्तपात शिकवितात' हे विधान आपल्याकडे सिद्ध झाल्यासारखे बोलले जाते. आमच्या मते ते सिद्ध झालेले नाही. आणि ते खरे धरून चालल्याने जे पाहावयास हवे तेच नजरेआड होते.

त्या घटनेचाच विचार करा. तेथे खेळातील कृत्याची नक्कल झाली नाही. खेळ हिरावला जाण्यावरून उद्रेक झाला. असा उद्रेक एका दिवसात तयार होत नसतो. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने या खेळासह 118 अॅपांवर बंदी घातली, तेव्हा पुष्कळांस वाटले की हिंसेवरच घाव पडला. परंतु आदेशात कारण दिले होते देशाच्या सार्वभौमत्वाचे व सुरक्षिततेचे. 2021 मध्ये तोच खेळ किंचित निराळ्या नावाने परत आला.

हे भय मराठी माणसास नवे नव्हे. खाडिलकरांचे 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांस कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला, आणि 1910 मध्ये इंग्रज सरकारने त्याचे प्रयोग बंद पाडले. त्याच्या थोडेच आधी, 21 डिसेंबर 1909 रोजी, नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध नाट्यगृहातच झाला होता. परंतु त्या रात्री तेथे लागले होते देवलांचे 'शारदा', म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कुमारिकेच्या विवाहाविरुद्धचे नाटक! मारणाऱ्यांच्या मनात सलत होती ती बाबाराव सावरकरांची जन्मठेप. ती आग कोणत्याही नाटकाने लावलेली नव्हती.

कोणी म्हणेल, नाटकात मनुष्य केवळ पाहतो, खेळात बंदुकीचा चाप त्याच्याच बोटाखाली असतो. आक्षेप रास्त आहे, व विद्वानांनी तो तपासूनही पाहिला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये हजारांवर ब्रिटिश मुलांची पाहणी केली, पालकांकडूनही मुलांच्या वर्तनाची माहिती घेतली. हिंसक खेळ व आक्रमक वर्तन यांचा संबंध त्यांस आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना याहून सावध आहे. आरडाओरड, ढकलाढकली इतपत आक्रमकता खेळांमुळे थोडी वाढते असे ती मानते. परंतु प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही, असे तिनेही 2020 मध्ये स्पष्ट केले.

मग हे खेळ निर्दोष समजावयाचे काय? यशोधराची कथा आपणांस ठाऊक आहे. जन्न कवीने ती तेराव्या शतकाच्या आरंभी कन्नडात गायिली. ज्यांचे बालपण आपल्याच जिल्ह्यात शिरसीस गेले त्या गिरीश कार्नाडांनी तिच्यावर नाटक रचले. राजाने जिवंत नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी संकल्पाचे फळ त्यास जन्मोजन्मी भोगावे लागले. कृत्रिम हिंसेस ही कथा क्षमा करीत नाही. मात्र पिठाचा कोंबडा कापणारा उद्या शेजाऱ्यास कापील, असेही ती म्हणत नाही. मुलाचे मन कशात रमते याची काळजी मायबापांनी अवश्य करावी. पण प्रत्येक खेळणाऱ्या मुलाकडे भावी गुन्हेगार म्हणून पाहू नये.

भिण्यासारखे आहे ते निराळे. मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, जेवणावरून उठतो, दुकानाच्या गल्ल्यातून पैसे काढतो, कोणी हटकताच अंगावर येतो. अशा वेळी फोन हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. खेळाचे असे व्यसन हा विकार आहे हे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये मान्य केले. त्यास वैद्य लागतो. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि 2022 पासून 'टेलि-मानस'चा 14416 हा विनामूल्य क्रमांक देशभर चालू आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत मोबाइलचे रिचार्ज विकले जाते. त्या दरपत्रकाशेजारी हा क्रमांक ठळक अक्षरांत लावून ठेवण्यास एका कागदापलीकडे खर्च नाही.