'तर' आणि 'तरच' : तर्काचे धडे बारावीपर्यंत का थांबवायचे?



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. सहलीसाठी जमा केलेल्या पैशांतली शंभराची एक नोट सापडेना. मी सगळ्या मुलांना उभं केलं आणि म्हणाले, "ज्याने घेतली असेल, त्याची मान आपोआप खाली जाईल." मग वर्गावर नजर फिरवली. मागच्या बाकाजवळचा एक मुलगा खाली बघत होता. सगळ्यांसमोर त्याचं दप्तर उपसलं. काही निघालं नाही. दुपारी ती नोट माझ्याच हजेरीपटात सापडली.

त्याला जवळ घेऊन विचारलं, "अरे, मग तू खाली का बघत होतास?" तो म्हणाला, "बाई, माझा गृहपाठ झाला नव्हता. मला वाटलं, आता तुम्ही वह्या बघाल."

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तरी पुढे कित्येक दिवस तो दप्तर मांडीवर घेऊनच बसायचा.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की रागापेक्षा माझा तर्क जास्त चुकला होता. मी बोलले होते, "घेतली असेल तर मान खाली जाईल." हेच मुळात खरं असेल असं नाही. पण ते खरं धरलं तरी मी वापरलं ते वेगळंच वाक्य होतं : "मान खाली आहे, तर याने घेतली असेल." ही दोन वाक्यं एक नाहीत. भूमितीत आपण दुसऱ्या वाक्याला पहिल्याचा व्यत्यास म्हणतो. आकृती चौरस असेल तर चारही बाजू समान असतात. पण चारही बाजू समान असल्या म्हणजे चौरसच असतो का? नाही, तो नुसता समभुज चौकोनही असू शकतो. फळ्यावर आपण हे बरोबर सांगतो. मुलांविषयी मत बनवताना विसरतो.

आपल्याकडे हा विषय मुलांना नीट भेटतो तो एकदम बारावीला. गणिताच्या पुस्तकात 'मॅथेमॅटिकल लॉजिक' हा पहिलाच धडा असतो. तोही गणित घेतलेल्यांनाच. मधल्या वर्षांत शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'सर्व, काही' असे प्रश्न येतात, पण तिथे उत्तर पटकन कसं काढायचं यावर भर. मी डी.एड.ला उद्गामी-अवगामी पद्धतीवर टीपा लिहिल्या, गुणही मिळाले. पण 'जर-तर' कसं शिकवायचं, हे कधी कोणी शिकवलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की तर्काची सुरुवात तिसरी-चौथीतच व्हावी. चिन्हं नकोत, सत्यता सारणी नको. आपलं रोजचं मराठी पुरेसं आहे.

आधी विधान

जे खरं किंवा खोटं ठरवता येतं ते विधान. "आज सोमवार आहे" हे विधान. "दार लाव" हे विधान नाही, "किती वाजले?" हेही नाही. मुलं हा खेळ पाच मिनिटांत शिकतात.

मग फळ्यावर लिहायचं : "____ ला पोहता येतं." हे खरं की खोटं? मुलं ओरडतात, "बाई, कोणाला ते सांगा की!" बरोबर. रिकाम्या जागेत नाव भरलं की विधान होतं. नावाऐवजी 'सगळ्यांना' किंवा 'कोणाला तरी' भरलं तरी विधान होतं, पण ते तपासायची पद्धत बदलते. 'कोणाला तरी' खरं ठरवायला पोहणारा एक मुलगा पुरतो. 'सगळ्यांना' खोटं ठरवायला न पोहणारा एक पुरतो. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ च्या ग्रंथात विधानांचं बीजगणित मांडलं आणि जर्मनीच्या गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये 'सर्व' आणि 'काही' यांना त्यात पक्की जागा दिली. मुलांना ही नावं नकोत. आपल्याला माहीत असावीत.

पाऊस आणि अंगण

"पाऊस पडला तर अंगण ओलं होतं" हे खरं धरा आणि चार प्रश्न विचारा.

१. पाऊस पडला. अंगण ओलं झालं का? हो.
२. अंगण कोरडं आहे. पाऊस पडला का? नाही.
३. अंगण ओलं आहे. पाऊस पडला का? सांगता येत नाही.
४. पाऊस पडला नाही. अंगण कोरडं आहे का? सांगता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला माझा अख्खा वर्ग "हो" म्हणाला. मग एक मुलगी म्हणाली, "आजीने सडा घातला असेल तर?" त्या एका सड्याने धडा पूर्ण झाला. "सांगता येत नाही" हेसुद्धा पूर्ण गुणांचं उत्तर असतं, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपण त्यांना ते म्हणूच देत नाही ना!

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. आपल्या न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुराचं उदाहरण प्रसिद्ध आहे : जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. पण त्याच पंडितांनी बजावलंय की हे उलटं चालत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. माझी मुलं म्हणतात, "बाई, गॅसच्या शेगडीतपण जाळ असतो, धूर नसतो."

मोठ्यांची स्थिती काय? पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पत्त्यांचं एक कोडं मांडलं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. समोर दिसतंय अ, क, ४ आणि ७. नियम पाळलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत? शिकलेली मोठी माणसंही बहुतेक अ आणि ४ म्हणतात. मीही तेच म्हणाले होते. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

पालकांसाठी : तर आणि तरच

मराठीत एक सुंदर सोय आहे, 'च'. "अभ्यास केलास तर मोबाईल देईन" हे वचन आहे. अभ्यास झाला की मोबाईल द्यायलाच हवा. "अभ्यास केलास तरच मोबाईल मिळेल" ही अट आहे. अभ्यासाशिवाय मिळणार नाही एवढंच ती सांगते. अभ्यास झाल्यावर नक्की मिळेल, असं काटेकोर अर्थाने त्यात म्हटलेलं नाही. घरी होतं काय, की आई 'तरच' म्हणते, मूल 'तर' ऐकतं आणि संध्याकाळी रडारड. बोलण्यात आपण दोन्ही अर्थ एकत्र गृहीत धरतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच सांगते, आपल्याला काय म्हणायचंय ते आधी आपलं आपण ठरवावं.

दुसरी गोष्ट नकाराची. "सगळी मुलं डबा आणतात" याच्या उलट काय? मुलं म्हणतात, "कोणीच आणत नाही." खरं उत्तर : "निदान एक जण आणत नाही." त्यात आपली भाषाही फसवते. "सगळी मुलं आली नाहीत" म्हणजे काही आली नाहीत, की एकही आलं नाही? वाक्य दोन्हीकडे लागतं. "तू नेहमीच खोटं बोलतोस" असं आपण मुलाला म्हणतो, तेव्हा एका प्रसंगावरून 'सर्व' वर उडी मारलेली असते. आणि मुलाकडे एक खरा प्रसंग असला तरी आपलं विधान खोटं ठरतं. त्याला ते जाणवतं, फक्त सांगता येत नाही.

"मुलं उलट उत्तरं देतील"

हा आक्षेप मी ऐकलाय. खरं आहे, देतील. मी एकदा म्हणाले, "या वर्गात कोणी ऐकतच नाही." एक जण शांतपणे म्हणाला, "बाई, मी ऐकतोय. म्हणजे तुमचं विधान खोटं." वर्ग हसला, मीही हसले. हे उद्धटपणाचं उत्तर नव्हतं. वाक्य तपासून दिलेलं उत्तर होतं. मात्र कुठे बोलायचं आणि कसं बोलायचं, हेही त्याच तासाला शिकवावं लागतं. प्रत्येकाच्या वाक्यात चूक काढत फिरणं हा तर्क नव्हे, हेही मुलांना सांगायला हवं.

वेगळा तास मागत नाही. परिपाठातली पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. एक 'जर-तर' वाक्य, चार प्रश्न. घरी पालकांनी जेवताना एखादं घ्यावं.

त्या दिवशी माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला विचारता आलं असतं, "बाई, मान खाली जायला दुसरं कारण नसेल का?", तर त्याचं दप्तर उपसलं गेलं नसतं. मुलांनी विचारलं नाही, कारण मी शिकवलं नव्हतं. आणि मला स्वतःला सुचलं नाही, कारण मीही शिकले नव्हते. आता माझ्या वर्गात काही हरवलं, की मी आधी हजेरीपट झटकते.