रुसणारा फ्यूज

बालदोस्तांनो, आज आधी माझीच एक चूक सांगते. बाईसुद्धा चुकतात बरं का!

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांनी पुठ्ठ्याची लिफ्ट केली होती. खेळण्यातली मोटर, ६ व्होल्टची बॅटरी, कप्पी आणि दोरा. बॅटरीच्या तारेत शर्टाच्या गुंडीएवढी एक पिवळी चकती जोडलेली. तिचं नाव पोलीफ्यूज.

भर दुपार, वर पत्र्याचं छप्पर. लिफ्ट चार-पाच फेऱ्या मारायची आणि मध्येच थांबायची. बटण बंद करून थोडं थांबलं की पुन्हा चालू! "बाई, पुन्हा रुसली!" मुलं रडकुंडीला आली. परीक्षक तर शेजारच्या टेबलापाशी येऊन ठेपले होते.

मग मी काय केलं? त्या चकतीचे दोन्ही पाय तारेच्या तुकड्याने सरळ जोडून टाकले. लिफ्ट धावू लागली, टाळ्या पडल्या. दहा मिनिटांनी दोरा कप्पीत अडकला. मोटर फिरेना. आधी जळका वास, मग धूर. मोटर काढायला एका मुलाने हात घातला आणि त्याच्या दोन बोटांना फोड आले. लगेच गार पाण्याखाली हात धरला. फोड आठवड्यात बरे झाले, पण ते माझ्या घाईमुळे आले होते. चकती बिचारी सांगत होती, आणि मी तिचं तोंड बांधलं!

साधा फ्यूज तुम्हाला माहीत आहे. त्यात एक बारीक तार असते. प्रमाणाबाहेर वीज वाहिली की ती वितळते, म्हणजेच फ्यूज 'उडतो'. मग नवी तार घालावी लागते. पोलीफ्यूज मात्र उडतो आणि पुन्हा कामाला लागतो. कसा?

त्याच्या पोटात पॉलिथीनसारखं प्लॅस्टिक असतं आणि त्यात कार्बनचे अगदी बारीक कण मिसळलेले असतात. मैदानावर हात धरून साखळी केलेली मुलं डोळ्यांसमोर आणा. कणांच्या अशा साखळीतून वीज जाते. वीज जास्त झाली की चकती तापते, प्लॅस्टिक फुगतं, कण लांब जातात आणि हात सुटतात! अडथळा एकदम शेकडो-हजारो पटींनी वाढतो. तरी थोडीशी वीज झिरपत राहते आणि तीच चकतीला गरम ठेवते. वीज पूर्ण बंद केली की चकती निवते आणि साखळी पुन्हा जुळते.

अशा प्लॅस्टिकचा हा गुण अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेराल्ड पिअर्सन यांनी १९३९ साली मांडला. पुढे १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट बनवणाऱ्या तिघांपैकीही ते एक होते!

प्रदर्शनानंतर आम्ही नवी मोटर आणली आणि मल्टिमीटर घेऊन बसलो. लिफ्ट चालताना ०.३ अँपिअर वीज लागत होती. मोटर क्षणभर अडवून धरली, तर आकडा गेला २ अँपिअरवर. आता पोलीफ्यूज निवडताना काय काय बघायचं?

पहिलं, होल्ड करंट. इतकी वीज तो न रुसता वाहू देतो. दुसरं, ट्रिप करंट. इतकी झाली की तो नक्की उडतो. हा आकडा बहुधा होल्डच्या दुप्पट असतो. आमच्या जुन्या चकतीचा होल्ड होता ०.२५ आणि ट्रिप ०.५. आमची ०.३ वीज नेमकी दोन्हींच्या मध्ये! तिथे भरवसा नसतो. कधी उडेल, कधी नाही.

तिसरं, हवा. होल्डचा आकडा साधारण २० ते २५ अंश तापमानासाठी दिलेला असतो. ४० अंशांच्या उन्हाळ्यात ०.५ चा पोलीफ्यूज जेमतेम ०.४ च पेलतो. पत्र्याखाली आमची चकती का रुसत होती, कळलं ना?

चौथं, व्होल्टेज. चकतीवरची मर्यादा बॅटरीपेक्षा जास्तच हवी. शॉर्ट झाल्यावर ती जास्तीत जास्त किती वीज सोसेल, तेही दुकानदाराला तिच्या माहितीपत्रकात बघायला सांगा.

आम्ही होल्ड ०.५, ट्रिप १ असा पोलीफ्यूज आणला. उन्हातही ०.३ साठी पुरेसा, आणि मोटर अडकून २ अँपिअर झाले की काही सेकंदांत उडणारा. दोरा मुद्दाम अडकवून पाहिला. लिफ्ट थांबली, धूर नाही, वास नाही!

बदलताना आधी बॅटरी काढा. उलटसुलट कसाही लावला तरी चालतो. सोल्डरिंग मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आणि झटपट करा, नाहीतर त्या उष्णतेनेच चकती तापते. मग ती पूर्ण निवू द्या. तिच्यावर गोंद किंवा लाख थापू नका, कारण फुगायला जागा नसेल तर ती काम कशी करणार? जुनी चकती वीज बंद असताना आणि पूर्ण थंड झाल्यावर मोजा. तरीही अडथळा खूप दाखवत असेल, तर ती बाद समजा. अशा चकत्या लहान व्होल्टेजसाठी असतात. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावायचा नाही म्हणजे नाही!

आणि पालकहो, घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार बांधणारे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. मीही तेच केलं होतं. फ्यूज रुसला, तर आधी विचारावं, "का रे बाबा?"

आता एक प्रश्न. पोलीफ्यूज उडाल्यावर बटण चालूच ठेवून नुसतं थांबलं, तर तो पूर्ववत का होत नाही? उत्तर वरच दडलंय. शोधा आणि वहीत लिहा!

तुमच्या बाई