साडेसहा फुटांचं रणांगण

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की घर कसं ओकंबोकं वाटतं, हे तुम्हाला सांगायला नको. मखर उतरलेलं, समया घासून कपाटात गेलेल्या, आणि इतके दिवस गजबजलेला तो कोपरा एकदम रिकामा. यंदा मात्र आमच्या रेवदंड्याच्या घरात तो कोपरा एक दिवसही रिकामा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या भाच्याने, म्हणजे नणंदेच्या मुलाने, टीपॉय उचलून पडवीत ठेवला, सोफा भिंतीला सरकवला आणि तिथे चक्क लढाई सुरू केली!

भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. येताना तो एक अर्धा किलो वजनाचा चष्मा घेऊन आला होता. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा डबाच तो. 'क्वेस्ट' म्हणतात त्याला. तो डोळ्यांवर चढवला की आपलं घर नाहीसं होतं आणि चहूबाजूंनी दुसरंच जग दिसायला लागतं. मान वर केली की आभाळ, खाली केली की फरशी, मागे वळलं की मागचं दार. दोन्ही हातांत एकेक मूठ धरायची. आपण हात हलवला की त्या जगातलाही हात हलतो. खेळाचं नाव 'ब्लेड अँड सॉर्सरी: नोमॅड'. मूळ खेळ २०१८ साली संगणकासाठी आला आणि २०२१ मध्ये या चष्म्यासाठी. मध्ययुगातली तटबंदी, ढाली, तलवारी, भाले, धनुष्यबाण, शिवाय तळहातातून आग आणि वीज काढायची जादू. समोरून माणसं अंगावर येतात, त्यांच्याशी लढायचं.

सकाळपासून घरातले तिन्ही मुलगे आळीपाळीने लढत होते. आम्ही बायका काय करत होतो? मी चहा देत होते. जाऊबाई उरलेल्या मोदकांचं काय करावं या विचारात होत्या. आणि त्यांची आठवीतली नात भिंतीशी उभी होती. तिला काम दिलं होतं, "आम्ही भिंतीवर आपटणार नाही ना, ते बघ." पोरगी इमानेइतबारे बघत होती. मी विचारलं, "तुझी पाळी कधी?" तर म्हणाली, "मला नको काकीआजी, त्यांनाच खेळू दे."

हे "मला नको" मी ओळखते. चांगलं ओळखते. गरम पोळी, शेवटचा आंबा, खिडकीची जागा... प्रत्येक वेळी मी स्वतः हेच म्हणत आले आहे. तेराव्या वर्षी ते इतकं सराईतपणे तोंडात बसलेलं ऐकलं आणि मला काय झालं कोण जाणे, मी कपबशांचा ट्रे खाली ठेवला आणि भाच्याला म्हटलं, "दे रे तो डबा इकडे."

खेळ सुरू करायच्या आधी एक गोष्ट करावी लागते. हातातल्या मुठीने जमिनीवर एक रेषा आखायची. खेळायला साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट जागा लागते. तेवढी जागा आपली. खेळता खेळता आपण त्या रेषेजवळ गेलो की डोळ्यांसमोर एक जाळी उभी राहते, म्हणजे आता पुढे भिंत आहे, सांभाळा. भाचा म्हणाला, "मामी, ही तुझी बाउंडरी. आत कुणी यायचं नाही."

मला हसूच आलं. आजवर लक्ष्मणरेषा पुष्कळ ऐकल्या, पण त्या सगळ्या दुसऱ्याने आखलेल्या आणि मी बाहेर जाऊ नये म्हणून. इथे मी स्वतःच्या हाताने रेषा आखत होते, दुसऱ्याने आत येऊ नये म्हणून! लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. या घरात साडेसहा फुटांची जागा फक्त माझी, असं त्याआधी कधी झालं होतं, मला आठवत नाही. स्वयंपाकघर माझं म्हणतात खरं, पण तिथे कुणीही कधीही येऊन फ्रिज उघडतो.

लढाई सुरू झाली. या खेळात पाठीवर आणि कंबरेला हत्यारं अडकवलेली असतात. खांद्यावरून हात मागे नेऊन तलवार उपसायची. माझा उजवा खांदा गेल्या वर्षी आखडला होता, अजून पुरता मोकळा झालेला नाही, तेव्हा पाठीवरची तलवार काही हाती येईना. कंबरेची काढली. समोरून एक दांडगा धावत आला. मी वार केला. वार कसला, माशी हाकलली म्हणा ना! कोपर अंगाला चिकटलेलं, नुसतं मनगट हललं. तलवार त्याच्या ढालीवर टक् करून वाजली आणि त्याने मला लोळवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"मामी, हात लांब कर ना! इतकी जागा आहे, आखडतेस कशाला?"

त्याने सहज विचारलं, पण मी त्या डब्याच्या आतल्या आत थबकले. खरंच, का आखडते मी? कधीपासून? हिशेब लावला तर उत्तर सोपं होतं. कोपरं अंगाशी धरायला मी बसमध्ये शिकले. कॉलेजला जाताना गर्दीत मागून अंगचटीला येणाऱ्या एका माणसाचा त्रास आठवडाभर सोसला आणि त्यानंतर अंग चोरायची सवय लागली ती कायमची. दप्तर छातीशी, कोपरं बरगड्यांशी, नजर खाली. त्या माणसाला मी एक शब्द बोलले नाही. घरीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं कॉलेज बंद झालं असतं, बस तशीच चालू राहिली असती.

त्या खेळात थोड्या वेळाने एकजण मागून आला. मी वळले आणि पूर्ण हात फिरवला. खांद्यातून, कंबरेतून, होता नव्हता तेवढा. तो कोसळला. मग मी किती वेळ लढले, मला ठाऊक नाही. डबा काढला तेव्हा पातळ घामाने भिजलं होतं, छाती धपापत होती आणि घरातली सगळी मंडळी चिडीचूप उभी होती. झोपाळ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "काय गो, अंगात आला की काय तुज्या?"

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री निजल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच की! बाईने चारचौघांत हात मोकळे सोडून, केस विस्कटून, ओरडून अंगातलं सगळं बाहेर काढावं, याला आपल्याकडे परवानगी कधी? अंगात आल्यावर! म्हणजे ती ती नसताना. नाही म्हणायला मंगळागौर होती, गौरीपुढच्या फुगड्या होत्या. आमच्या लहानपणी बायका रात्र रात्र जागून झिम्मा खेळायच्या, तेव्हा घर हादरायचं. पण तेही वर्षातून एक-दोनदा आणि देवीच्या नावाने. आपल्याला खेळावंसं वाटतं म्हणून खेळलो, असं म्हणायची सोय नव्हतीच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, या मारामारीच्या खेळाची तुम्ही तरफदारी करता की काय? नाही हो. दोन गोष्टी मला अगदी स्पष्ट सांगायच्या आहेत.

पहिली, हा खेळ मुलांचा नाही. त्यात वार लागलेलं दिसतं, रक्त दिसतं, माणसं पडतात. तो मोठ्यांसाठीच केलेला आहे आणि घरातल्या शाळकरी मुलांना मी तो त्याच दिवशी बंद केला. थोडी रडारड झाली, पण 'बीट सेबर' नावाचा दुसरा खेळ त्याच चष्म्यात निघाला. गाण्याच्या तालावर समोरून रंगीत ठोकळे येतात, ते दोन हातांनी कापायचे. रक्त नाही, शत्रू नाही, घाम मात्र तेवढाच! सलग फार वेळही खेळू देऊ नये. त्या चष्म्यात डोळे सांगतात आपण चाललोय आणि कान सांगतात आपण उभे आहोत. कानाच्या आतच तोल सांभाळणारं इंद्रिय असतं ना. मग डोकं गरगरतं. मांडव्याच्या लाँचमध्ये ज्यांना बोट लागते त्यांना हे वेगळं समजावायला नको. मलाही दुसऱ्या दिवशी लागली, लिंबाचं सरबत घेऊन पडून राहिले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या लढाईत मला बरं वाटलं हे खरं आहे. ते मी लपवणार नाही. पण ते बरं वाटणं फसवंही आहे. खेळातला माणूस मरायलाच येतो. त्याला आई नाही, कारण नाही. हातातली मूठ शंभर-दीडशे ग्रॅमची असते, खरी तलवार किलोभराच्या आसपास. आणि बसमधला तो माणूस? त्याला काहीच झालेलं नाही. खेळात दहा मुंडकी उडवली म्हणून मी त्याला जाब विचारला असं होत नाही. खोटी लढाई जिंकून खऱ्या लढाईची खुमखुमी जिरून जाणार असेल, तर तो डबा न घेतलेलाच बरा.

आम्ही रेवदंड्याची माणसं जुन्या तटबंदीच्या आतच राहतो. पोर्तुगीजांनी बांधलेला तट, आत आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्राच्या अंगाला तो पडका सातखणी मनोरा. खेळातला किल्ला बघताना मला सारखा आमचाच तट आठवत होता. या तटाला १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेचा वेढा पडला होता. वेढा घालणारा मुर्तजा निजामशहा म्हणजे चांदबिबीचा भाऊ. त्याच वेळी तिचा नवरा, विजापूरचा अली आदिलशहा, गोव्याला वेढा घालून बसला होता. भाऊ चौलला, नवरा गोव्याला, दोघांच्या मोठमोठ्या फौजा. आणि दोघांनाही हात हलवत परतावं लागलं!

पुढे पंचवीस वर्षांनी, १५९५-९६ मध्ये, मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडलं. लोक पळायच्या बेतात असताना चांदबिबी हातात तलवार घेऊन खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तो तट बांधून घेतला, असं इतिहासात सांगतात. वऱ्हाड सोडून द्यावं लागलं, पण किल्ला तिने राखला. मला यात तलवारीपेक्षाही ते खिंडारावर उभं राहणं मोठं वाटतं. सगळे मागे सरत असताना आपली जागा धरून उभं राहणं. आणि शेवट काय झाला? १६०० साली ती शत्रूला फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारलं. बाई आपली जागा धरून उभी राहिली की तिच्यावर पहिला संशय घरचेच घेतात, हे काही आजचं नाही.

म्हणून मला वाटतं, मैत्रिणींनो, आपल्याला तो महागडा डबा नको आहे. हवी आहे ती जागा. जरा आठवून बघा. घरातल्या मुलांना क्रिकेटसाठी अंगण आहे, नवऱ्याला पेपर वाचायला आरामखुर्ची आहे, सासऱ्यांना पडवी आहे. तुम्हाला दोन्ही हात पसरून उभं राहायला जागा कुठे आहे? गच्ची? तिथे वाळवणं असतात. आणि जागा असली तरी वेळ? आणि वेळ असला तरी "लोक काय म्हणतील"?

हात मोकळा करायचे मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. लाठीकाठी आहे, दांडपट्टा आहे. मर्दानी खेळ म्हणतात त्यांना, पण कोल्हापुरात मुलीही ते उत्तम खेळतात. त्यात आधी पवित्रा शिकवतात, म्हणजे पाय कसे रोवायचे ते. हात नंतर. चष्म्यातल्या खेळात पाय रोवायला कुणी शिकवत नाही. आपल्या गावातल्या शाळेत मुलींसाठी आठवड्यातून एक तास लाठीचा ठेवा, असं मी पालकसभेत बोलणार आहे. पुढल्या सभेला एकटी बोलले तर हसतील. पाच जणी बोललो तर वहीत लिहून घेतील.

त्या दिवशी संध्याकाळी मी जाऊबाईंच्या नातीला त्या रेषेच्या आत उभं केलं. तालाचा खेळ लावला. तिचीही कोपरं अंगाशी! पहिले दहा-बारा ठोकळे तसेच निघून गेले. मी म्हटलं, "हात लांब कर गं. भिंत मी बघते." मग मात्र पोरीने असे हात फिरवले की बास! एक गाणं झालं, दुसरं झालं. मुलगे कुरकुरायला लागले, "आमची पाळी, आमची पाळी." तिने डबा डोळ्यांवरून काढलासुद्धा नाही. आतूनच म्हणाली, "थांबा, माझं अजून व्हायचंय."

झोपाळ्यावरून सासूबाईंनी मुलांना दटावलं, "खेळू दे रे तिला!"

भाचा पुण्याला गेला, चष्मा घेऊन गेला. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. फक्त तो टीपॉय मी अजून आत आणलेला नाही. सकाळी कामं उरकली की तिथे उभी राहते, दोन्ही हात पूर्ण पसरते, आखडलेला खांदा हळूहळू वर नेते. परवा ह्यांनी विचारलं, "टीपॉय कधी आणायचा आत?"

मी म्हटलं, "राहू दे पडवीतच. तिथे माझी जागा आहे."