लहान कलामहाविद्यालयाची पारख

बारावीचे निकाल लागले, की चित्रकलेचा हट्ट धरणारे मूल ज्या घरात आहे त्या घरात एक प्रश्न उभा राहतो: शासकीय कला महाविद्यालयात जागा मिळाली नाही, तर छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या लहान खाजगी संस्थेत मुलाची चार वर्षे आणि वडिलांची शिल्लक घालावी काय? इमारत बेताची आणि अध्यापक मोजके पाहून कोणी अशी संस्था तत्काळ हिणकस ठरवितात, तर कोणी प्रवेशदालनातील पारितोषिकांच्या तसबिरी पाहून फीची पावती घेऊन मोकळे होतात. मला या दोन्ही रीती सारख्याच अविचाराच्या वाटतात.

कलाशिक्षणात लहानपण हा मुळात दोष नव्हे. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ पासून नांदत असतानाही सावळाराम हळदणकरांनी १९०८ मध्ये आपली खाजगी संस्था काढली, आणि तशा वर्गांचे ऋण महाराष्ट्राच्या चित्रकलेवर आहे. रेषा चुकते त्या क्षणी पाठीशी गुरू उभा असणे, हे या विद्येचे मर्म. आणि पंधरा विद्यार्थ्यांच्या वर्गात ते जितके साधते तितके साठांच्या वर्गात साधत नाही. मात्र एकच अध्यापक शरीररचनाशास्त्र, कलेतिहास आणि मुद्राचित्रण या तिन्हींचा भार वाहत असेल, आणि व्यक्तिचित्रणासाठी वर्षातून दोनदाच मॉडेल बसत असेल, तर तेच लहानपण दारिद्र्य होते.

म्हणून प्रथम दप्तर पाहावे. विद्यापीठाची संलग्नता व कला संचालनालयाची मान्यता चालू वर्षाची आहे काय, मंजूर शुल्क किती, पूर्णवेळ अध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे; या प्रश्नांनी ज्या कार्यालयाच्या कपाळावर आठी पडते, तेथून उठून यावे. मग निवडक नव्हे, तर द्वितीय वर्षाच्या संपूर्ण वर्गाचे काम मागावे, कारण अव्वल विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर तरतो. संस्थेची करामत मध्यम विद्यार्थ्याच्या हातात दिसते. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करून पोट भरतात, हेही त्यांच्याच तोंडून ऐकावे.

परंतु या शहरातील संस्थेची खरी कसोटी याहून निराळी आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना मुंबईहून अजिंठ्यास आणून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या, आणि पेस्तनजी बोमनजींसारख्या चित्रकारांचा हात त्या कामावर घडला. तेच अजिंठा येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, वेरूळ तीसवर, दौलताबादचा किल्ला त्याच वाटेवर, आणि हिमरूचे विणकाम तर शहरातच आहे. जी संस्था या ऐश्वर्याकडे वार्षिक सहलीची बस पाठवून मोकळी होते, ती आपल्या स्थानमाहात्म्याला अपात्र होय. जी पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना वेरूळच्या शिल्पांसमोर आणि गुलमंडीच्या गर्दीत स्केचिंगला बसविते आणि त्या वह्या नियमाने तपासते, ती चार खोल्यांची असली तरी तेथे खुशाल नाव घालावे.

आणि अशी एकही आढळली नाही, तर वर्षभर घरी हात चालवून प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी. अठराव्या वर्षी एक वर्ष थांबणे परवडते. वाईट अध्यापनाने चार वर्षे मुरलेला हात पुन्हा सरळ करणे फार महाग पडते.